पत्ता विचारा : फोंतेन्यासात कोण कोण राहिलं?

प्रश्न : काका, पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत गेलो होतो. तिथल्या गाइडने एका पिवळ्या घराकडे बोट दाखवून 'हे आबे फारियांचं घर' म्हणून सांगितलं. खरं का? आणि खरोखर तिथे राहून गेलेली नामवंत मंडळी कोण? — एक वाचक, डिचोली

उत्तर : साफ खोटं. आबे फारिया हे कांदोळीचे पाद्री. जन्म १७५६ चा. १७७१ साली, पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर लिस्बनला गेले ते परत आलेच नाहीत. रोम झालं, पॅरिस झालं, संमोहनाच्या प्रयोगांनी पॅरिसकरांना नादी लावलं आणि १८१९ साली तिथेच वारले. ते गलबतात चढले तेव्हा फोंतेन्यासात गल्ल्या कुठल्या, माड होते. पणजीत त्यांचा एकच पत्ता, जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. गाइडला एवढी हौस असेल तर तो दाखवावा, बघायला पैसे पडत नाहीत.

मी मळा-फोंतेन्यासच्या बीटावर पोस्टमन होतो. कोण कुठे राहतो ही आमची पोटापाण्याची विद्या, म्हणून असल्या थापा ऐकल्या की डोकं फिरतं. रस्त्याच्या पाटीवर नाव दिसलं म्हणजे माणूस तिथला झाला असंही नाही. इथला मुख्य रस्ता ३१ जानेवारीचा. ती तारीख १८९१ साली पोर्तुगालातल्या पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाची, आपल्या पणजीशी तिचं नातं पाटीपुरतं. फिलिप नेरी शेव्हियर यांच्या नावाचाही रस्ता आहे. गावोगावच्या कोमुनिदादींची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांची, हकिगत लिहून ठेवणारे हे अभ्यासक, त्यांचं नाव लागलं हे बरं झालं. पण तेवढ्यावरून समोरच्या घराला त्यांचं घर ठरवायला मी तयार नाही.

मग राहिलं कोण? पहिला मान आंतोनियु जुआंव द सिकेरा यांचा. मोझांबिकहून पैसा करून आलेला गृहस्थ, म्हणून लोक त्याला मोसमीकार म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओरेंच्या खाडीपासून आल्तिन्योच्या पायथ्यापर्यंतची ही जमीन त्याच्याकडे होती आणि त्याने तिथे माडांची बाग केली. पुढे ती चिंबलच्या कार्मेलित या ख्रिस्ती मठवासीयांकडे गेली आणि तिथून सरकारजमा झाली. विजरई, म्हणजे पोर्तुगीजांचा इथला मुख्य अधिकारी, १७५९ सालीच जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून पणजीत येऊन राहिला होता आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. कचेऱ्या आल्या की कारकून येतात, आणि कारकुनाला भाड्याची खोली लागते. आज लोक ज्या खिडक्यांपुढे फोटो काढतात त्यांतल्या बऱ्याच पगारावर जगणाऱ्यांच्या. वाडे बघायचे असतील तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जा.

अलीकडच्या काळातलं नाव विचाराल तर मी बेधडक पर्सिव्हल नोरोन्यांचं घेईन. आधी पोर्तुगीज आणि मग भारतीय अशा दोन्ही अमलांत सरकारी नोकरी केलेला हा माणूस फोंतेन्यासातच राहिला आणि २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी गेला. जुनी घरं, फर्निचर, पणजीचा इतिहास हे त्यांचे विषय. दिवसा जमिनीवरचं बघायचं आणि रात्री आकाश. गोव्यात हौशी खगोलप्रेमींची संघटना उभी करण्यात ते पुढे होते. पणजीच्या जुंता हाउसच्या गच्चीवरून दुर्बिणीतून ग्रह बघायची सोय झाली, ती त्याच मंडळींमुळे. एवढ्या माणसाची साधी पाटीसुद्धा कुठे दिसत नाही, आणि आबे फारियांचं घर मात्र 'सापडतं'!

चित्रकार आंतोनियु शेव्हियर त्रिंदाद यांचं नावही तुम्हाला ऐकवतील. ते १८७० साली सांग्यात जन्मले, मुंबईत जे. जे. मध्ये शिकले-शिकवले, १९३५ साली मुंबईतच वारले. फोंतेन्यासात आली ती त्यांची चित्रं, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या घरात. चित्रकाराला हा पत्ता मेल्यानंतर मिळाला. ती चित्रं मात्र चुकवू नका.

आणि एका रहिवाशाला मी कधीच विसरत नाही. सां सेबास्त्यांवच्या कपेलातला, म्हणजे छोट्या चर्चमधला, क्रूस. त्याच्याइतके चोख पत्ते या भागात कुणाचेच नाहीत. आधी जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनच्या म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात. ते न्यायासन १८१२ साली कायमचं बंद झालं तेव्हा पणजीत, आदिलशाही वाड्याच्या कपेलात. १९१८ पासून इथे. जवळ जाऊन बघा. बहुतेक क्रुसांवर ख्रिस्ताचं डोकं छातीवर झुकलेलं आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आणि डोळे टक्क उघडे. चौकशीला उभ्या केलेल्या माणसाला धाक बसावा म्हणून ते तसे केले, असं सांगतात. त्या वाड्यात काय काय चालायचं ते वाचलेलं असेल तर हे पटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : काका, आमची आजी फोंतेन्यासशेजारच्या मळा या वस्तीतली. ती 'आम्ही फोंतेन्यासचे नव्हेत' असं ठणकावून सांगायची. दोन्ही एकच ना? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आजीशी मी वाद घालणार नाही! टपालाच्या दृष्टीने एकाच फेरीतलं काम, पण माणसं वेगळी. फोंतेन्यासात पोर्तुगीज बोलणारी ख्रिस्ती घरं जास्त, मळ्यात हिंदू घरं जास्त. मळ्याच्या वर डोंगरावर मारुती, त्याची जत्रा भरली की रस्ताभर खाज्याची दुकानं. खाली फोंत फेनिश ही झरी, तिचं पाणी दोन्हीकडच्यांनी भरलं. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ १८१८ साली उभं राहिलं. त्याआधी कित्येक वर्षं या शहरात देऊळ बांधायची परवानगीच नव्हती, हे लक्षात घेतलं की आजीच्या ठणकावण्यातला अभिमान कळतो.

प्रश्न : पोस्टाजवळच्या चौकात फाशी दिली जायची म्हणतात. कुणाला? — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : १७८७ च्या पिंटोंच्या कटातल्या लोकांना. पोर्तुगीज सत्ता उलथायचा बेत फुटला आणि पंधरा जणांना मृत्युदंड झाला. कटातल्या पाद्रींना मात्र फासावर न देता लिस्बनला धाडलं. आबे फारियांच्या वडिलांवरही संशय होता, त्यामुळे बापलेकांना लिस्बनमध्ये राहणं अवघड झालं आणि फारिया फ्रान्सला निघून गेले. म्हणजे फारियांची गोष्ट सांगायचीच असेल तर ती या चौकात उभं राहून सांगावी.

प्रश्न : फोटो काढायला कधी जावं? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सकाळी आठच्या आधी. गाडी ओरेंच्या खाडीकडे लावा आणि चालत आत या. आणि कुणाच्या पायरीवर बसण्याआधी विचारा. आत माणसं राहतात, त्यांना कामावर जायचं असतं.