माळ गळ्यातच राहू दे, आणि पार्टीला जा

पत्र :
मावशी, मी भुसावळ तालुक्यातली. गेल्या वर्षीपासून जपानमध्ये, नागानो भागातल्या एका लहान गावात, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, माझ्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. इथे डिसेंबरात सगळ्या शिक्षकांची वर्षअखेरची पार्टी असते, तिला बोनेनकाई म्हणतात. टेबलावर बिअर, मासे, मांस. मागच्या वर्षी ताप आल्याचं सांगून टाळलं. तर सोबतच्या एक बाई रात्री माझ्या खोलीवर जेली आणि सरबताच्या बाटल्या घेऊन आल्या, आणि मला दारातच रडू आलं. यंदा पुन्हा विचारणा आली आहे, सहा हजार येन भरायचे आहेत. न जावं तर माणूसघाणी ठरते. जावं तर कुणीतरी फोटो टाकणार आणि आबांना कळणार. घरी स्थळं बघणं चालू आहे. माळ काढून जाऊ का?

उत्तर :
पोरी, माळ काढू नकोस आणि पार्टी चुकवू नकोस. दोन्ही एकाच वेळी जमतं.

माळेचं आधी बोलते, कारण तुझ्या पत्रात खरा काटा तोच आहे. माळ घातली तेव्हा तू काय खाणार नाहीस आणि काय पिणार नाहीस हे कबूल केलंस. कुणाच्या शेजारी बसणार नाहीस असं काही कबूल केलेलं नाहीस. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी कितीतरी गावांतून, भर बाजारातून जाते. रस्त्याला खानावळी लागतात, दारूची दुकानं लागतात, म्हणून कुणी वाट सोडत नाही. एका संध्याकाळीपुरती माळ खिशात ठेवलीस, तर तुझं तुलाच ते महिनोन्महिने टोचत राहील. आणि तिथल्या लोकांनी ती रोज पाहिलेली आहे. शाळेत मुलांसोबत जेवायला बसतेस तेव्हा सगळ्यांपुढे शाळेचं ताट असतं आणि तुझ्यापुढे तुझा डबा. तुझं खाणं वेगळं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. लपवायचं काय उरलं?

आता पार्टीचं. आपल्याकडे थंडी पडली की शेतात भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, मिरची आणि कांद्याची पात घालून ठेचायची, कळण्याची भाकरी, आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा. बांधाच्या पलीकडे दोघंचौघं बाटली उघडतात हे काय आबांना माहीत नाही? तरी ते जातात, कारण वर्षभर भाऊबंदकीत अडकलेलं बोलणं तिथे सुटतं. बोनेनकाईचं काम हेच आहे. सरतं वर्ष, त्यातले वैताग मागे टाकायचे म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायचं. तिकडे राहून आलेल्या शिक्षिका मला हेच सांगतात की शाळेत मान वर न करणारे उपमुख्याध्यापक त्या रात्री पहिल्यांदा विचारतात, तुझं गाव कसं आहे, आईवडील काय करतात. परक्या मुलखात एकटी राहणाऱ्या मुलीला ही ओळख हवी. उद्या खरोखर ताप आला, भूकंप झाला, घरमालकाशी काही वाजलं, तर धावून येणारी माणसं हीच. एक बाई तर खोट्या तापालाही धावून आल्या.

म्हणून खोटं कारण पुन्हा नको. पोटदुखी नको, उपवास नको. खरं सांग, पण ते टेबलावर बसल्यावर सांगू नकोस, आधी सांग. पार्टीची व्यवस्था बघणारा एक जण ठरलेला असतो, त्याला ‘कांजी’ म्हणतात. पैसे तोच गोळा करतो, हॉटेलात माणसं आणि ताटं तोच कळवतो. याच आठवड्यात त्याच्याकडे जा, सहा हजार येन पाकिटात मोजून दे आणि सांग, मी येणार आहे, पण मांस, मासे आणि दारू मला चालत नाही. हे चिठ्ठीवर लिहून दिलंस तर आणखी बरं, म्हणजे तो तेच हॉटेलला वाचून दाखवेल. ऐनवेळी नाही म्हणशील तर पैसे बहुधा बुडतात आणि त्या बिचाऱ्याची तारांबळ होते ती वेगळीच.

चिठ्ठीत एक गोष्ट नेमकी लिही : दाशी. तिकडचं पाणीदार काहीही, सूप असो, उकडलेली भाजी असो, अंड्याची वळकटी असो, बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या अर्कात, म्हणजेच दाशीत, शिजलेलं असतं. ‘मांस नको’ म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढतात, अर्क तसाच राहतो. थंड तोफूवरही माशाचा कीस भुरभुरलेला असतो, तो घालू नका म्हणून सांगावं लागतं. आणि डिसेंबर म्हणजे मध्ये शेगडीवर एकच मोठं पातेलं ठेवून सगळ्यांनी त्यातून वाढून घ्यायचं, असा बेत असण्याची शक्यता जास्त. तेव्हा वेगळी ताटली मागून ठेव. मिठातल्या उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, साधा भात, तळलेले बटाटे एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. पोट तेवढ्यावर भरणार नाही, म्हणून घरून वरणभात खाऊन नीघ. सहा हजार येन देऊन शेंगा खायच्या का, असं मनात येईल. ते पैसे जेवणाचे समजू नकोस, बसण्याचे समज.

दारूचं तुला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. तुझ्या गावात रात्री गाड्या बंद होत असतील, म्हणजे निम्मे शिक्षक स्वतःची मोटार घेऊन येणार. जपानमध्ये २००७ पासून कायदा असा आहे की पिऊन गाडी चालवणाऱ्याला तर शिक्षा आहेच, पण त्याला दारू पाजणारा, गाडी देणारा आणि माहीत असून त्याच्या गाडीत बसणाराही सुटत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवण्यावरचे नियमही कडक झाले आहेत. त्यामुळे गाडी घेऊन आलेले लोक निमूटपणे ऊलाँग नावाचा कोरा चहा मागवतात, आणि त्यांना कुणी चकार शब्द बोलत नाही. तूही तोच मागव. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत आपला तोंडाला लावायचा नाही. मग ‘कान्पाई’ म्हणून ग्लास उंचावायचा. त्यात चहा आहे की बिअर, हे कुणी बघत नाही. तुला कुणी ओतायला आलंच तर हसून ‘ओसाके वा नोमेमासेन’, म्हणजे मला दारू पिता येत नाही, असं म्हण आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांनी पुढे कर. तिकडे एकमेकांचे ग्लास भरायची रीत आहे. तुला दारूची बाटली हातात घ्यायची नसेल तर घेऊ नकोस. चहा पिणाऱ्यांना चहा ओत, तुझ्याकडून तेवढा मान पुरे.

पायात न फाटलेले मोजे घाल, बूट बहुतेक बाहेर काढावे लागतील. दोन तासांनी सगळे मिळून टाळी वाजवतात आणि बैठक उठते. त्यानंतर काही जण दुसरीकडे जातात, त्याला निजिकाई म्हणतात. तिथे तू जायचं नाही. पहिल्या बैठकीनंतर घरी जाणारे पुष्कळ असतात, त्यांच्याबरोबर नीघ. मागच्या वर्षी खोलीवर आलेल्या बाईंना आधीच विचारून ठेव की परतताना सोबत याल का. आणि एक : बैठकीत कुणी नशेत अंगचटीला आला, नको ते बोलला, तर उठून त्या बाईंच्या शेजारी जाऊन बस आणि दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापकांना सांग. ‘प्यायलेला होता’ म्हणून सोडून द्यायचं नाही. हे मी तुला इथल्या लग्नाच्या वरातीबद्दलही असंच सांगितलं असतं.

राहिले आबा. फोटो निघणारच, आणि ऊलाँग चहाचा रंग असा असतो की ग्लासात बर्फ घातला की तो हुबेहूब व्हिस्की दिसतो. तो फोटो कुण्या चुलत्याच्या मोबाइलवरून घरी पोचला तर तुझं ऐकून घ्यायला कुणी थांबणार नाही. म्हणून फोटोच्या आधी तुझा फोन गेला पाहिजे. तुमचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले संध्याकाळचे सहा, आबा शेतातून आलेले असतील. आईला मध्ये घालू नकोस, थेट त्यांच्याशी बोल. ‘आबा, शाळेची पार्टी आहे. तिथे दारू असणार, मांस असणार. मी चहा पिणार आहे, माळ गळ्यात असणार आहे. जाऊ नको म्हणता का?’ एवढंच. ते जरा वेळ गप्प बसतील. बसू दे, लगेच समजावायला लागू नकोस. ज्यांनी मुलीला समुद्रापार शिकवायला पाठवलं त्यांचा तिच्यावर भरवसा आहे, फक्त गावाला काय सांगायचं ते त्यांना तुझ्या तोंडून हवं असतं. नकोच म्हणाले, तर कारण विचार आणि उद्या पुन्हा फोन कर. या गोष्टीसाठी बापाशी खोटं बोलावं असं मला वाटत नाही, आणि त्यांच्या पहिल्या नकाराला गप्प बसावं असंही वाटत नाही.

स्थळांचं इतकंच सांगते. चहाच्या ग्लासावरून मुलीची परीक्षा करणारं घर आत्ताच कळलं तर बरंच आहे, आईला हे वाक्य माझ्या नावावर सांग.

आणि त्या बाईंना तापाचं खरं सांगून टाक. मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलंस तरी चालेल. घाबरले होते, काय खाऊ कळत नव्हतं, म्हणून खोटं बोलले, तुम्ही आलात ते विसरणार नाही. हे पार्टीच्या आधीच सांग, म्हणजे त्या तुझ्या शेजारची जागा धरून ठेवतील.

घरून पार्सल येणार असेल तर आईला जळगावची केळीची वेफर्स टाकायला सांग. ती पार्टीत काढू नकोस, हॉटेलात बाहेरचं खाणं चालत नाही. पार्टीनंतर शाळेत गेलीस की आधी कांजीचे आणि मुख्याध्यापकांचे आभार मान, आणि मग शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाच्या टेबलावर थोडी थोडी वेफर्स ठेव. कसली आहेत म्हणून विचारायला येतील, तेव्हा तुझ्या गावाचं नाव सांग.