म्युझिक नंतर, आधी कडीचा आवाज

प्रश्न: आम्ही पाच जणांनी कॉलेजसाठी 12 मिनिटांची थ्रिलर फिल्म केलीय, सुट्टीत होस्टेलवर एकटीच राहिलेली मुलगी आणि रात्री बाहेरून कोणीतरी दाराची कडी हलवतंय अशी गोष्ट आहे. युट्यूबवरचं हॉरर म्युझिक पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलंय तरी सगळे म्हणतात भीतीच वाटत नाही. अजून भारी म्युझिक शोधू का? आणि पाच-दहा सेकंद घेतलं तर कॉपीराइट लागत नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नवीन म्युझिक शोधू नकोस, आहे तेच म्यूट कर आणि फिल्म एकदा तशीच बघ. पहिल्या मिनिटालाच व्हायोलिन किंचाळायला लागली की कडी हलते तेव्हा वाढवायला काही उरतच नाही.

तुझी सगळी भीती त्या कडीत आहे, मग एक अख्खी दुपार कडीवरच घालव. फोनचा रेकॉर्डर चालेल, पण पंखा बंद, खिडकीला गोधडी, आणि फोन कडीपासून वीतभर. हळू, जोरात, दाराच्या आतून, बाहेरून, असे दहा-बारा टेक घे. पहिल्यांदा कडी इतकी बारीक वाजू दे की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपल्याला भास झाला का.

मग त्याच खोलीत रात्री कोणीही न हलता एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड कर, याला रूम टोन म्हणतात. तो सगळ्या सीनखाली अंथरला की प्रत्येक कटला मागचा आवाज बदलल्यासारखा वाटत नाही. त्याच्यावर पंख्याची कटकट सात-आठ मिनिटं चालू ठेव, लोक ती विसरून जातात, आणि मग लाइट जाते, पंखा हळूहळू थांबतो... ती शांतता मला कुठल्याही ढॅणकन वाजणाऱ्या म्युझिकपेक्षा जास्त भीतीदायक वाटते, खरंच करून बघ.

1960 च्या सायको या फिल्ममध्ये बाथरूममधल्या खुनाच्या सीनला म्युझिकच नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते केलं, ऐकल्यावर हिचकॉकला पटलं. अख्ख्या फिल्मला वाद्यं फक्त तंतुवाद्यं, आणि चाकूच्या वारांचा आवाज म्हणजे खरबुजात खुपसलेला चाकू! बाजारातून खरबूज आणून तूही हे करू शकतेस. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर शेवग्याची ताजी शेंग कडकन मोड.

म्युझिक एक-दोनच ठिकाणी ठेव. डायलॉगचे पीक, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, एडिटिंगच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डीबीच्या (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) मधे, आणि त्याखालचं म्युझिक बोलण्यापेक्षा 15-20 डीबी तरी खाली. सगळं 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) एक्स्पोर्ट कर. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमधल्या फेअरलाइट या आवाजाच्या विभागात हे सगळं होतं.

पाच-दहा सेकंदांचं म्हणशील तर असा कुठलाही नियम नाही, युट्यूबची सिस्टीम छोटा तुकडाही ओळखू शकते. भारतात साउंड रेकॉर्डिंगवर प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो आणि संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवरून आवाज घेतलास तर लायसन्स बघ, सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) झिरो असेल, म्हणजे करणाऱ्याने हक्क सोडलेत, तर बिनधास्त वापर, सीसी बाय असेल तर शेवटच्या पाटीत त्या माणसाचं नाव टाकायचंच.

मिक्स झालं की हेडफोनवर ऐक आणि मग फोनच्या स्पीकरवर, कारण खालचा घुमणारा बेस फोनवर गायबच होतो. पहिली कडी तिथे ऐकू आली नाही तर दोन-तीन डीबी वाढव, त्याहून जास्त नको.