बोलेरोत अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यापासून इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून ‘कुंईं’ येतं, रेस दिली की आवाज चढतो. दारव्ह्याच्या दुकानात नॉइज फिल्टर लावायला सांगतात. लावू का?

भाऊ, फिल्टर सध्या राहू द्या. रेससोबत चढणारी शिट्टी अल्टरनेटरची असते, पण बहुतेक वेळा दोष अल्टरनेटरचा नसून अर्थिंगचा असतो. डेकचा (गाडीच्या म्युझिक सिस्टीमचा) अर्थ समोर डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पचा मागे सीटखाली असतो. या दोन जागांमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक पडला, तरी करंट डेकमधून पुढे गाणं नेणाऱ्या पिनच्या (आरसीए) वायरच्या जाळीतून वाट काढतो. दांड फुटला की पाणी शेजारच्या सरीत शिरतं, तसंच हे. त्या करंटवर अल्टरनेटरची लहर असते आणि अ‍ॅम्प तिला गाणं समजून मोठी करतो.

आधी आवाज कुठून शिरतो ते पकडा. इंजिन चालू ठेवून डेकचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पिनच्या वायरीत किंवा अ‍ॅम्पमध्ये शिरते आहे. व्हॉल्यूमसोबत कमीजास्त झाली तर ती डेकच्या आत किंवा त्याच्याही आधी आहे. फक्त रेडिओवर येत असेल तर अँटेनाच्या बुडाचा गंज पाहा. मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी लावली तरच येत असेल तर दोष चार्जरच्या बाजूचा आहे. ब्लूटूथवर लावा, किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थमधून फिरणारा करंट अडवणारी छोटी डबी) टाका.

शून्यावरही आवाज राहिला तर सगळं बंद करून अ‍ॅम्पमधल्या दोन्ही पिना काढा. दोन जुन्या आरसीए पिना घ्या, प्रत्येकीचा मधला खिळा बाहेरच्या कड्याला सोल्डर करा आणि अ‍ॅम्पच्या इनपुटला खोचा. अशी शॉर्ट केलेली पिन डेकच्या बाजूला चुकूनही लावू नका. आता इंजिन सुरू करा. शांत झालं तर अ‍ॅम्प आणि त्याचा सप्लाय ठीक आहे, आवाज डेककडून येतो. शिट्टी तशीच असेल तर अ‍ॅम्पचा अर्थ किंवा सप्लाय तपासायचा.

बोलेरोची बॉडी वेगळ्या चासीवर रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते. बॉडीचा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो तो अर्थ पट्ट्यांच्या भरवशावर. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या पट्ट्यांवर बसतो आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट होतो. आत थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) गंजलं तरी वरून दिसत नाही. म्हणून मागे पत्र्याला बोल्ट मारला, अर्थ झाला, असं धरून चालू नका.

मीटर डीसी २००० मिलीव्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर जोडून घ्या), लाल सुई अ‍ॅम्पच्या ग्राउंड (अर्थ) टर्मिनलला. इंजिन आणि हेडलाइट चालू, गाणं मोठं. १०० मिलीव्होल्टच्या आत आलं तर ठीक. ३००-५०० दिसले तर लाल सुई आधी इंजिनवर, मग चासीवर, मग बॉडीवर टेकवा. आकडा जिथे एकदम उडी मारतो तोच जोड खराब. मीटर नसेल तर दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करायची जंपर केबल घ्या आणि अ‍ॅम्पचा ग्राउंड थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून पाहा. शिट्टी गेली तर कारण सापडलं.

अ‍ॅम्पचा अर्थ दीड फुटाच्या आत, रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर, थिंबल दाबून, दातेरी वायसर घालून कसा. वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी सोडू नका, त्यावर जीव अवलंबून असतो. अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी. किटमधली वायर ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. तालुक्याच्या मोटारपंपाच्या दुकानात ४ चौरस मिमीची तांब्याची सबमर्सिबल केबल मिळते. तिचे तिन्ही कोर एकत्र केले की १२ चौरस मिमी होतात, मध्यम अ‍ॅम्पला पुष्कळ. पॉझिटिव्हला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच.

आवाज डेककडून येत असेल तर मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून डेकच्या आरसीए सॉकेटचं बाहेरचं कडं आणि डेकची बॉडी तपासा. बीप आली नाही तर डेकच्या आतला त्या ग्राउंडचा बारीक फ्यूज उडालेला असू शकतो. डेक चालू असताना पिना काढ-घाल केल्याने हे होतं. कड्यापासून बॉडीपर्यंत वायरचा तुकडा टेकवून पाहा, शिट्टी थांबली तर निदान पक्कं. बीप आली तर डेकच्या काळ्या वायरीला तात्पुरती २.५ चौरस मिमीची वायर जोडून ती अ‍ॅम्पच्याच अर्थ बोल्टवर न्या. फरक पडला तर कायम करा. पिनच्या वायरी पॉवरच्या वायरीसोबत एकाच बाजूने आल्या असतील तर दुसऱ्या दाराच्या बाजूने ओढा.

गेनही (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) पाहा. तो पूर्ण चढवलेला असेल तर किरकोळ लहरही ऐकू येते. डेक तीन-चतुर्थांशावर ठेवून गेन शून्यापासून वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या.

एवढं करूनही शिट्टी राहिली तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मात्र चार्जिंग पाहण्यासाठी कोणी चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढू लागला तर त्याला तिथेच थांबवा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डेक, अ‍ॅम्प, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) यांपैकी काहीही जळू शकतं.