ऊरानूपोली: बीचचं गाव की निर्वासितांचं?

प्रश्न: सप्टेंबरात ग्रीसमधल्या थेसालोनिकीहून दोन रात्रींसाठी ऊरानूपोलीला चाललोय. बीचसाठीच बुक केलं, पण हॉटेलवाल्याने मेलमध्ये लिहिलंय की हे निर्वासितांचं गाव आहे. म्हणजे सिरियातून आलेले का? कॅम्प असेल तर मुलांना घेऊन जावं की नाही?

उत्तर: अहो कॅम्प वगैरे काही नाही, बिनधास्त जा. हॉटेलवाला शंभर वर्षांपूर्वीच्या निर्वासितांबद्दल बोलतोय आणि बहुतेक त्याचे पणजोबाच त्यातले असतील. १९२२ साली ग्रीस तुर्कस्तानशी लढाई हरला, सप्टेंबरात स्मिर्ना शहर (आजचं इझमिर) जळालं आणि तिथले ग्रीक ख्रिश्चन मिळेल त्या बोटीने पळाले, मग जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला करार होऊन लोकसंख्येची सक्तीची अदलाबदलच ठरली. साधारण १२ लाख ख्रिश्चन ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरवलं फक्त धर्मावरून, त्यामुळे घरात तुर्की बोलणारे ख्रिश्चन 'मायदेशी' ग्रीसला आले ज्यांना ग्रीक धड येत नव्हतं, आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तिकडे गेले. फाळणी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता एवढ्या माणसांना ठेवायचं कुठे? सरकारने मठांच्या जमिनी घेतल्या. ऊरानूपोलीची जागा आथोसच्या (शेजारचा ख्रिश्चन मठांचा डोंगराळ प्रदेश) वातोपेदी मठाची होती, तिथे काय तर एक चौदाव्या शतकातला दगडी बुरूज आणि समोर समुद्र. इस्तंबूलजवळच्या प्रिन्सेस बेटांवरची आणि आशिया मायनरमधली (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली) कुटुंबं तिथे आणून वसवली. जमीन खडकाळ, पोटापाण्याचे हाल.

त्या बुरुजात १९२८ च्या सुमारास सिडनी आणि जॉइस लॉक हे जोडपं राहायला आलं. जॉइस ऑस्ट्रेलियाची, दोघं आधी थेसालोनिकीला क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांबरोबर निर्वासितांमध्येच काम करत होते. गावात डॉक्टर नाही म्हणून आजारी माणूस सरळ बुरुजाच्या दारात यायचा. आशिया मायनरहून आलेल्या बायकांच्या हातात गालिचे विणायची कला होती, मग लॉक दांपत्याने माग लावले, झाडपाल्याचे रंग करून पाहिले, आथोसच्या मठांमधल्या जुन्या नक्षीवरून डिझाइनं घेतली, आणि ते गालिचे बाहेर विकले जायला लागले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की बायकांना जे येत होतं त्यावरच धंदा उभा केला, उगाच शिवणकामाचे वर्ग काढले नाहीत. सिडनी आधी वारला, जॉइस मात्र १९८२ मध्ये वारली तोवर त्याच बुरुजात होती. बुरूज बघितल्याशिवाय बीचवर जाऊ नका, अगदी पाण्याला लागूनच आहे.

प्रश्न: मग बीचचं काय? मुलं लहान आहेत.

उत्तर: गावातल्या गावात बुरुजाच्या बाजूलाच वाळू आहे, लाटा सहसा फार नसतात. पण मला विचाराल तर समोरच्या द्रेनिया बेटांवर जा. छोटी छोटी बेटं, पाणी स्वच्छ आणि काठाशी उथळ. गावात छोट्या मोटरबोटी भाड्याने मिळतात, स्वतः चालवायच्या, नाहीतर पोचवणाऱ्या बोटी असतातच. टोप्या आणि पाणी बरोबर ठेवा.

दुसऱ्या दिवशी अमुलियानी बेट. फेरी ऊरानूपोलीच्या अलीकडे त्रिपितीहून सुटते, थोड्याच वेळात पोचवते. आलिकेस बीच तिथला प्रसिद्ध. हे बेटसुद्धा वातोपेदीचंच होतं आणि १९२५ मध्ये तिथे मार्मारा समुद्रातल्या बेटांवरचे लोक आले, मासेमारी जाणणारे, त्यामुळे त्यांचं बस्तान बसलं. त्रिपितीजवळच पर्शियाच्या झर्क्सीस राजाने आरमारासाठी कालवा खणला होता, इसवी सनापूर्वी ४८० च्या आसपास, पण तो कधीच बुजला, बघायला म्हणून मुद्दाम थांबू नका.

प्रश्न: नवऱ्याला आथोसचे मठ बघायचेत. मी पण जाऊ शकते का?

उत्तर: नाही. तिथे बायकांना बंदी आहे, शतकानुशतकं, आणि कितीही राग आला तरी नियम तोच आहे. नवऱ्यालाही परवाना लागतो, ऑर्थोडॉक्स (ग्रीसमधला मुख्य ख्रिश्चन पंथ) नसलेल्यांना दिवसाला साधारण दहाच देतात, म्हणून बरंच आधी अर्ज करा. तुम्ही आणि मुलं ऊरानूपोलीहून सुटणाऱ्या क्रूझने जा, बोट किनाऱ्यापासून ५०० मीटर लांब राहते पण मठ छान दिसतात, आणि टोकाला २०३३ मीटरचा डोंगर थेट समुद्रातून उठलेला दिसतो. दुर्बीण असेल तर घ्या. नवरा परवान्याच्या रांगेत उभा असेल तेवढ्यात तुमचा बुरूज बघून होईल.