प्रतिकृतींसाठी फंडाचा हप्ता निम्मा करावा का?

तुम्ही विचारलंय : जुन्या नामांकित पिस्तुलांच्या, गोळी न झाडणाऱ्या धातूच्या स्वस्त प्रतिकृती जमवायच्या आहेत. वीस नगांची यादी तयार आहे. त्यासाठी फंडाचा मासिक हप्ता दोन वर्षं निम्म्यावर आणला तर चालेल का? ‘हीसुद्धा गुंतवणूकच, पुढे भाव चढेल,’ असंही तुम्ही म्हणता.

हौसेला माझी ना नाही. ‘गुंतवणूक’ हा शब्द मात्र खटकला.

तुमच्या यादीतल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचंच बघा. मूळ १८७३ची. पहिल्या पिढीचं उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबलं, तोवर साडेतीन लाखांच्या वर रिव्हॉल्व्हर निघाली होती. त्यात आता एकाचीही भर पडायची नाही. मूळ मुलामा किती उरलाय, भागांवरचे क्रमांक जुळतात का, यावर तिचा भाव ठरतो. तुमच्या घरी येणार ती जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. मागणी वाढली की कारखाना आणखी ओततो. वीस वर्षांनी तुमची विकायला काढाल, तेव्हा शेजारी तीच वस्तू कोरी, पेटीबंद मिळत असेल. मग तुमच्या नगाला जास्त पैसे कोण मोजणार?

हातात घेतली की भुरळ पडते, हे खरं. वजन भरतं, घोडा ओढला की खटका बसतो, चक्र फिरतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून दाखवत राहिलात की तोच खटका झिजतो, आणि मुलामा खरवडला की खालून करडं जस्त डोकावतं. शिवाय कायद्याची भानगड. जपानमध्ये १९७१पासून धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा आहे. देशोदेशी नियम वेगळे, त्यामुळे बाहेर विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक कमी. मागवण्याआधी तुमच्याकडचा नियम बघाच.

आता हिशेब. दोन वर्षं निम्मा हप्ता म्हणजे पुरे बारा हप्ते गेले. वर्षाला ८ टक्के परतावा धरला, तर ती रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट झाली असती.

तेव्हा हप्त्याला हात लावू नका. हौसेचा पैसा हौसेतूनच काढा : नवा मोबाइल वर्षभर लांबवा, त्या पैशाचं वेगळं खातं ठेवा आणि चार महिन्यांनी एक नग घ्या. आणि यादीत माउझर सी९६ दोनदा दिसतं, मुठीचा रंग तेवढा वेगळा. एकच घ्या.