माथेरानमध्ये गाडी का जाऊ देत नाहीत? सरकारने रस्ता खुला केला तर पर्यटन वाढणार नाही का?

मी मूळचा माथेरानचा. माझ्या वडिलांनी बावीस वर्षं हातरिक्षा ओढली, त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्ही लिहिलंय की गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर गाडी लावावी लागली, आईचे गुडघे दुखतात, पुढचे अडीच-तीन किलोमीटर त्यांना न्यायचं कसं ते कळेना, म्हणून तिथूनच परत फिरलात. वाचून खरंच वाईट वाटलं. तरीही रस्ता गाड्यांना खुला करू नये असंच मी म्हणेन.

आधी नियमाचं सांगतो. गाड्या वर न आणण्याची रीत जुनीच आहे, पण तिला पक्का कायदेशीर आधार मिळाला तो २००३ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. नगरपालिकेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी सोडली तर मोटारीला मनाई. गाव डोंगराच्या सपाट माथ्यावर, झाडीत, लाल मातीच्या रस्त्यांवर वसलेलं. पावसाळ्यात ती माती नुसत्या पाण्याने आणि घोड्यांच्या टापांनी वाहून जाते, तिथे रविवारच्या गाड्या कुठे उभ्या करणार? लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या रस्त्यावर जुलैतल्या रविवारी एकदा अडकून बघा, मग माझं म्हणणं पटेल.

दुसरी गोष्ट पोटापाण्याची. गाडी दस्तुरीला थांबते म्हणून पर्यटकाचा पैसा अनेक हातांतून गावात येतो. डोंगराच्या पायथ्याच्या नेरळचा टॅक्सीवाला, बॅगा डोक्यावर घेणारा हमाल, घोडेवाला, रिक्षावाला. चारशेच्या वर घोडे आहेत आणि प्रत्येकामागे एक घर आहे. रस्ता खुला झाला की गाडी सरळ हॉटेलच्या दारात जाईल आणि ही सगळी घरं मधल्यामध्ये गळतील. पर्यटन वाढेलही, पण कोणाचं?

पण सरकारचं सगळं बरोबर असं मी म्हणत नाही. गाडी नको हे ठरवलं, तेव्हा माणसांनी मग कशातून जायचं हेही ठरवायला हवं होतं. ते राहिलं आणि त्याचा भार माझ्या वडिलांसारख्यांच्या अंगावर पडला. हातरिक्षा तुम्ही पाहिली असेल. पुढे एक जण दांडीत, चढाला मागून दोघे ढकलायला. लोकांना चढ अवघड वाटतो, पण खरा कस लागतो उतारावर. पुढच्याने टाचा रोवून, अंग मागे टाकून सगळं वजन पोटाशी आलेल्या दांडीवर तोलायचं. पावसात लाल चिखलावर पाय सरकतो. वडिलांच्या बुटांचे तळवे टाचेकडून आधी झिजायचे. रात्री आई त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायची तेव्हा शिरांच्या गाठी हाताला लागायच्या. रिक्षात बसलेल्या माणसाचा मला कधी राग आला नाही, कारण त्याच्यापुढे तरी दुसरं काय होतं?

दुसरं होती ती रेल्वे. नेरळ-माथेरान गाडी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने, सोळा लाख खर्चून, १९०७ मध्ये सुरू केली. दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटरचा घाट. मोटार नको असलेल्या गावाला याहून चांगलं वाहन सापडणार नाही. आता तिचं काय झालं ते बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, पूर्ण मार्ग सुरू झाला २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसात पुन्हा बंद, नेरळहून परत सुटली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे सतरा वर्षांत सहाहून जास्त वर्षं नेरळहून वर गाडीच नाही, आणि दर पावसाळ्यातली सुट्टी वेगळी. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल गाडी २०१२ मध्ये सुरू झाली, तिने मोठा आधार दिला. पण या गाडीकडे अजूनही हौसेची, फोटो काढायची गाडी म्हणून बघितलं जातं. गावाची रोजची गाडी म्हणून घाटातल्या दरडींचं काम वेळेवर झालं असतं, तर मधली कितीतरी वर्षं वाचली असती.

मग आली ई-रिक्षा. इथे मोटारीला बंदी असल्यामुळे बॅटरीवरच्या रिक्षेलाही परवानगी नव्हती, आणि माणसाने माणसाला ओढणं मात्र नियमात बसत होतं! शेवटी हातरिक्षावाल्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. पहिल्या आठवड्यातलं मला आठवतंय ते पर्यटकांचं काही नाही, शाळेच्या मुलांचं. दस्तुरीकडची पोरं रोज पाठीवर दप्तर घेऊन चालत यायची, ती रिक्षेतून आली. वडील बाजारात उभे राहून बघत होते.

नंतर वाद झाले, अजूनही आहेत. ई-रिक्षा चढावी म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले, तर घोडेवाले म्हणतात त्यावर घोडे घसरतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, मी घोडा पडलेला पाहिलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन, गुजरातच्या केवडियात देतात तशा, या लोकांनाच भाड्याने द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. ब्लॉक दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठेवायला मान्यता दिली, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. गावात मोटार येत नाही, माती राहते, आणि चौऱ्याण्णव परवानाधारक रिक्षावाल्यांच्या हातात दांडीऐवजी हँडल येतं.

आता तुमच्या आईंचं. त्यांना परत नक्की घेऊन या, शक्यतो मंगळवार-बुधवारी. दस्तुरीला उतरल्या उतरल्या जो कोणी सांगेल की शटल बंद आहे, ई-रिक्षा नाही, त्याचं लगेच खरं मानू नका. अशा फसवणुकीला कंटाळूनच मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनी माथेरान बंद ठेवलं होतं. थेट अमन लॉज स्टेशनच्या तिकीट खिडकीवर जाऊन विचारा, ते दस्तुरीपासून पाच-सात मिनिटांवर आहे आणि आई सावकाश चालू शकतील. शटल वीसेक मिनिटांत बाजारात सोडते. खोली घेताना फोनवर एवढंच विचारा की स्टेशनपासून किती पावलं. काही हॉटेलं फार आत आहेत आणि ते आधी कोणी सांगत नाही. आणि बॅगा हमालालाच द्या, भाव आधी ठरवून.