आधी टेप लावा, मग अर्ज करा

प्रश्न : माझे वडील व्हीलचेअरवर असतात. त्यांच्या पगाराच्या कामासाठी (आमच्याकडे पेन्शनला पगारच म्हणतात) तालुक्याच्या एका कचेरीत जावं लागतं. तिथं तीन पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प आहे, पण इतका खडा की मागून दोघांनी ढकललं तरी खुर्ची मागं येते. गेल्या पावसाळ्यात वडील पडता पडता वाचले. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ‘रॅम्प हाय की, आणि काय पाहिजे?’ काय करावं?
– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून ओशाळलो. सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात माझी तीस वर्षं गेली आणि असले रॅम्प मीच बांधून घेतलेत. काम संपत आलं की आठवायचं, अरे, रॅम्प राहिला! मग पायऱ्यांच्या कडेला जेवढी जागा उरली असेल तेवढ्यात काँक्रीटचा उतार ओतायचा, फोटो काढायचा, बिल पाठवायचं. त्यावरून कोण चढणार, हे कुणी विचारत नव्हतं. निवृत्तीनंतर बायकोला अर्धांग झालं आणि मी बांधून घेतलेल्या एका रॅम्पवर मलाच तिची खुर्ची चढवता येईना.

हिशेब सोपा आहे : एकास बारा. एक फूट उंचीला १२ फूट लांबी. तुमच्या तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, म्हणजे रॅम्प १८ फुटांचा हवा. खानापूरकडं पावसामुळं जोतं उंच ठेवतात. तीन फुटांचं असेल तर ३६ फूट. तेवढं सरळ जात नाही, मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावं लागतं. रुंदी चार फूट, वर दारापुढं खुर्ची वळेल एवढी पाच फुटांची सपाट जागा, दोन्ही बाजूंना अडीच आणि तीन फुटांवर धरायचे दांडे, आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला उंचवटा. गुळगुळीत ग्रॅनाइट नको. आषाढात आपल्याकडं साध्या काँक्रीटवरही शेवाळ धरतं, मग त्या चकचकीत फरशीचं काय सांगावं!

साहेबांशी वाद घालू नका. ओळखीच्या गवंड्याला त्याची पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन बोलवा. उंची किती, लांबी किती ते मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. ‘रॅम्प खडा आहे’ याला उत्तर देता येतं. ‘दीड फुटाला सहा फूट लांबी’ याला देता येत नाही.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राला बजावलं की सुगमतेचे किमान निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा.

अर्ज कचेरीच्या प्रमुखाला द्या, प्रत बेळगावच्या जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांना. पोच घ्यायला विसरू नका. अर्ज कन्नडमध्ये दिलात तर लवकर हलतो, हे अनुभवानं सांगतो; तुमच्या ग्रामपंचायतीतले व्हीआरडब्ल्यू (दिव्यांगांसाठीचे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते) लिहून देतील, तेच त्यांचं काम. तरी दाद लागली नाही तर बेंगळूरचे राज्य दिव्यांग आयुक्त. अधिकाऱ्याला समन्स काढून बोलवायचा अधिकार त्यांना आहे.

त्याच अर्जात हेही लिहा की रॅम्प नीट होईपर्यंत कारकुनानं कागद घेऊन खाली यावं आणि वडिलांची सही तिथंच घ्यावी. त्याला ना टेंडर लागतं ना सिमेंट.

आणि रॅम्प झालाच, तर खालच्या टोकाला मोटारसायकली लागणार, हे धरून चाला. साखळी लावू देऊ नका, खुर्चीही अडते. जमिनीवर पिवळ्या रंगात खुर्चीचं चित्र काढायला सांगा. पाटी नको, ती कोणत्या भाषेत, यावरून आपल्याकडं आणखी दोन वर्षं जातील.